बोटांनी वाचायचा नकाशा: प्रश्नपत्रिकेतल्या आकृत्या सगळ्या मुलांसाठी कशा काढाव्यात

काही वर्षांपूर्वी खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेसाठी मी बेळगाव जिल्ह्यातल्या नद्यांचा उठावाचा नकाशा केला होता. पुठ्ठ्यावर फेव्हिकॉलची रेघ आणि तिच्यावर सुतळी, एवढीच कारागिरी. आठवीतली एक मुलगी, जिला अजिबात दिसत नाही, तिनं उगमाच्या गावावर, कणकुंबीवर बोट ठेवलं, तिथून मलप्रभा धरली आणि निघाली. बोट पूर्वेला जायच्या ऐवजी वळलं आणि सरळ दक्षिणेला उतरलं.

"ओ सर, मलप्रभा गोव्याकडं जायली की!"

तिचं काही चुकलं नव्हतं. कणकुंबी गोव्याच्या हद्दीला लागून आहे आणि ती हद्द मी त्याच सुतळीनं काढली होती. म्हादई नदीचं पाणी मलप्रभेत वळवायचं की नाही यावरून गोवा आणि कर्नाटक ही दोन राज्यं वर्षानुवर्षं भांडतायत. मी तर अख्खी मलप्रभाच गोव्याला देऊन टाकली होती.

मी डीटीपीचं काम करतो आणि चित्रकलाही शिकवतो. त्या दिवसानंतर शाळांच्या घटक चाचण्या, सहामाही, सराव प्रश्नपत्रिका यांतल्या आकृत्या मी वेगळ्या पद्धतीनं करायला लागलो. ती पद्धत इथं लिहितो. मुलांच्या मराठी शाळेत शिकवणारे, प्रश्नपत्रिका काढणारे आणि टायपिंगच्या दुकानात बसणारे, तिघांनाही उपयोगी पडावी.

आधी क्रियापद शोधा

आकृती हातात आली की पेन्सिलनं तिच्या शेजारी एकच वाक्य लिहा: हे बघून मुलानं काय करायचं आहे? मोजायचं, ओळखायचं, तुलना करायची, की वाट शोधायची? त्या क्रियापदाला जे लागतं तेवढंच ठेवायचं. बाकीचं खोडायचं.

"पाच किलो गूळ अमुक रुपयांना, तर दोन किलो केवढ्याला" या गणिताशेजारी गुळाच्या ढेपेचं चित्र असतं. ते शोभेचं. पाठ्यपुस्तकात राहू दे, प्रश्नपत्रिकेतून काढून टाका. त्याचं वर्णन लिहीत बसलात तर न दिसणाऱ्या मुलाची दोन मिनिटं ढेपेचा आकार ऐकण्यात जातील. आलेख, तक्ता, विद्युत परिपथ यांत माहिती असते, ती मुलापर्यंत पोचलीच पाहिजे. आणि "आकृतीतील भाग ओळखा" असा प्रश्न असेल तर आकृती हीच परीक्षा. तिथं मदत करण्याच्या नादात उत्तर सांगून बसण्याचा धोका सगळ्यांत मोठा. त्यावर पुढं सविस्तर येतोच.

माझ्या नकाशातला प्रश्न होता, "मलप्रभेचा उगम कोणत्या तालुक्यात होतो आणि ती कोणत्या दिशेला वाहते?" त्याला तालुक्यांच्या हद्दी आणि एक नदी एवढंच पुरे होतं. मी मात्र घटप्रभा, हिडकल धरण, पुणे-बंगळूर महामार्ग, रेल्वे, गोकाकचा धबधबा, सगळं कोंबलं होतं. डोळ्याला तो नकाशा देखणा दिसत होता. बोटाला तो सुतळीचा गुंता होता.

थोडं दिसणाऱ्या मुलांसाठी: रेघ, अक्षर आणि झेरॉक्स

दृष्टीची अडचण असलेल्या मुलांपैकी बऱ्याच जणांना थोडंफार दिसत असतं. त्यात लाल-हिरवा फरक न कळणारी मुलं मिळवा. रंगांधळेपण मुलींपेक्षा मुलांत कितीतरी जास्त असतं आणि पुष्कळदा घरच्यांनाही ठाऊक नसतं. या सगळ्यांसाठी वेगळी प्रश्नपत्रिका लागतच नाही, मूळचीच नीट काढली की काम होतं.

पहिली चाचणी फुकटची आहे. पानाची झेरॉक्स काढा, मग त्या झेरॉक्सची झेरॉक्स काढा. दुसऱ्या प्रतीत जे ओळखू येत नाही ते आकृतीत नव्हतंच असं समजा. "तांबड्या रेषेने दाखवलेला आलेख" असं लिहिलेला प्रश्न तिथंच कोसळतो, कारण शाळेत छपाई काळ्या शाईतच होते. रंगाच्या जोडीला नेहमी दुसरी खूण द्या: एक रेघ अखंड, दुसरी तुटक, तिसरी ठिपक्यांची. चौथी रेघ लागत असेल तर आलेख दोन करा. वर्तुळालेखात करड्याच्या चार छटा शेजारीशेजारी कधीही भरू नका. दोन भागांमध्ये पांढरी फट सोडा आणि नाव त्या भागातच किंवा बाहेर रेघ ओढून लिहा. कोपऱ्यातल्या सूचीकडं नजर नेऊन पुन्हा आकृतीत परत यायला भिंग वापरणाऱ्या मुलाला किती वेळ लागतो, ते एकदा शेजारी बसून बघा.

संगणकावर वाचायच्या साहित्यासाठी आंतरराष्ट्रीय निकष असा आहे: अक्षर आणि मागची पार्श्वभूमी यांच्या उजेडातला फरक किमान ४.५ ला १, मोठ्या अक्षरांना आणि आकृतीतल्या अर्थपूर्ण रेघांना किमान ३ ला १. हा फरक मोजून देणारी साधनं इंटरनेटवर मोफत मिळतात. छपाईसाठी माझा नियम त्याहून सोपा आहे. कामाची रेघ काळीकुट्ट आणि निदान दीड-दोन पॉइंट जाड, ग्रीडची रेघ बारीक. दोन्ही सारख्या जाडीच्या ठेवल्या की आलेख जाळीत अडकलेल्या माशासारखा दिसतो.

आता देवनागरी. मोठी छपाई म्हणजे १८ पॉइंट हा सर्वत्र धरला जाणारा आकडा, पण आपल्या लिपीला वर वेलांटी-रफार आणि खाली उकार-जोडाक्षरांची जागा लागते. अक्षराची चौकट रोमन लिपीच्या मापानं आखली की "दूधगंगा"चा ऊकार कापला जातो. नाव रेघेवर बसवू नका, कारण शिरोरेषा नदीत मिसळून जाते. नाव तिरकं, नदीच्या वळणानं लिहायची हौस तर सोडूनच द्या, आडवंच लिहा. भागांना अक्षरं देताना घ आणि ध, भ आणि म, ब आणि व, प आणि ष अशा जोड्यांतलं एकच घ्या. मी क, ग, ट, ल, ह अशी एकमेकांशी न जुळणारी अक्षरं वापरतो. क्रमानं क, ख, ग, घ द्यायलाच हवं असा काही दंडक नाही.

बहुतेक शाळा एक शॉर्टकट मारतात: ए-४ पान ए-३ वर मोठं करून देतात. चांगली सोय आहे, पण त्यात दोन खड्डे आहेत. ही वाढ १४१ टक्के असते, म्हणजे १२ पॉइंटचं अक्षर १७ च्या आसपास जातं, १८ होत नाही. मूळ १३ पॉइंटमध्ये ठेवा. दुसरा खड्डा खोल आहे. "रेषाखंडाची लांबी मोजा" या प्रश्नातली ५ सेंटिमीटरची रेघ मोठ्या कागदावर ७ सेंटिमीटरहून जास्त भरते. मुलगा बरोबर मोजतो आणि चूक ठरतो. आलेखाखाली "१ सेंमी = १० एकक" छापलं असेल तर तेही खोटं होतं. कोन तेवढे बदलत नाहीत. म्हणून मोजायच्या आकृत्या मोठ्या पानावर वेगळ्या काढा, आणि बाकीच्या ठिकाणी प्रमाण शब्दांत न लिहिता मापपट्टी काढून दाखवा. पट्टी आकृतीबरोबरच वाढते.

उठावाची आकृती

ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी उठावाची आकृती. साधनं अनेक आहेत. उष्णतेनं फुगणारा कागद असतो, त्यावर काळ्यानं काढलेलं यंत्रातून गेलं की वर उठतं. काम सुरेख होतं, पण कागदही महाग आणि यंत्रही. थर्मोफॉर्ममध्ये एक मूळ प्रत हातानं बनवायची आणि तिच्यावर प्लॅस्टिकचा पत्रा तापवून, हवा ओढून हव्या तेवढ्या प्रती काढायच्या. मुलं जास्त असतील तर ही पद्धत परवडते. अंधशाळांमध्ये जर्मन फिल्म वापरतात: रबराच्या पाटीवर प्लॅस्टिकचा पातळ कागद ठेवून बॉलपेननं दाबून रेघ ओढली की ती त्याच बाजूला वर येते. मुलाला स्वतः आकृती काढायची असेल तर यासारखं दुसरं साधन नाही.

एक-दोन मुलांसाठी हातानं करायचं तर मी जाड ड्रॉइंग पेपर आणि शिंप्याकडचं दातेरी चाक घेतो. चाक फिरवलं की मागच्या बाजूला ठिपक्यांची रेघ उठते. मागच्या बाजूला, हे विसरू नका. म्हणजे आकृती आरशातल्यासारखी उलटी काढावी लागते. पहिल्यांदा मी ते विसरलो आणि गोवा पूर्वेला गेला. मूळ आकृती ट्रेसिंग पेपरवर काढा, पेपर उलटा करा आणि मग त्यावरून चाक फिरवा.

मापांच्या बाबतीत मात्र हयगय नको. ब्रेलचा ठिपका साधारण अर्धा मिलिमीटर उंच असतो आणि एका अक्षरातल्या दोन ठिपक्यांमध्ये अडीच मिलिमीटरचं अंतर असतं. बोटाच्या टोकाला कळतं ते साधारण याच पट्टीतलं. दोन रेघांमध्ये, आणि रेघ व ब्रेल अक्षर यांच्यामध्ये, निदान ३ मिलिमीटर मोकळी जागा हवी. हा आकडा उत्तर अमेरिकेच्या ब्रेल मंडळानं २०१० साली काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत आहे आणि माझ्या अनुभवात तो तंतोतंत खरा ठरला. गाव दाखवायचा ठिपका किंवा धरणाचा चौकोन ६ मिलिमीटरहून लहान नको. चौकोन आणि वर्तुळ त्याहून लहान झाले की बोटाला दोन्ही सारखेच लागतात.

आता ती चुकलेली मलप्रभा. सुधारताना मी नदीला निपाणीकडून आणलेला विड्या बांधायचा बारीक दोरा घेतला, तीन पदरी वळून. हद्दीला चाकाची तुटक ठिपकेरेघ. एक गुळगुळीत आणि उंच, दुसरी खरखरीत आणि बसकी. आपल्या भागात सीमारेषा नेमकी कुठं असावी याचा वाद आपण आजन्म घालू, पण ती नदीपेक्षा वेगळी आहे हे तरी बोटाला कळायला हवं. जिथं नदी आणि हद्द एकमेकांना भिडतात तिथं हद्द थोडी तोडली, नदी अखंड ठेवली. प्रश्न जिच्याबद्दल आहे ती रेघ कधी तुटू द्यायची नाही.

आणखी एक निर्णय घ्यावा लागला. म्हादईचा उगमही खानापूर तालुक्यातच, आणि ती पश्चिमेला जाते. दोन्ही उगम प्रमाणात काढले तर ए-४ पानावर बोटाच्या एका पेरात येतात. मुलांना हे कळायला हवं होतं की एकाच तालुक्यातून एक नदी पूर्वेला कृष्णेकडं जाते आणि दुसरी पश्चिमेला समुद्राकडं. म्हणून मी दोन उगमांमधलं अंतर वाढवलं आणि नकाशाखाली ब्रेलमध्ये "नकाशा प्रमाणात नाही" असं लिहिलं. भूगोलाच्या एका सरांना ते पटलं नाही. माझं मत अजून तेच आहे: नदीची सगळी वळणं काढायचीच नाहीत. तीन मोठी वळणं पुरेत, बाकी दोरा सरळ ओढा.

पोतांचंही तेच. एका पानावर चारपेक्षा जास्त वेगळे पोत बोटाच्या लक्षात राहत नाहीत. सँडपेपर, कापड, खळीचे ठिपके आणि गुळगुळीत कागद झाले की थांबा.

पानाचा वरचा उजवा कोपरा तिरका कापा, म्हणजे पान उलटं धरलंय की सुलटं हे लगेच कळतं. शीर्षक सगळ्यांत वर, सूची आकृतीच्या आधीच्या पानावर. बोटांना आधी माहीत हवं की आपण काय शोधायला निघालोय.

एकच ब्रेल, दोन लिप्या

सीमाभागात कोणी सहसा सांगत नाही ती एक गोष्ट. १९५१ पासून वापरात आलेल्या भारती ब्रेलमध्ये भारतीय भाषांच्या त्याच ध्वनीला तेच ठिपके आहेत. मराठीतला क म्हणजे सहा ठिपक्यांच्या चौकटीतला पहिला आणि तिसरा ठिपका, कन्नडमधला क म्हणजेही पहिला आणि तिसरा. छापील नकाशाच्या दोन आवृत्त्या कराव्या लागतात, एक देवनागरीत आणि एक कन्नड लिपीत. उठावाच्या नकाशावर एक-एक अक्षराच्या खुणा दिल्या तर तोच नकाशा दोन्ही माध्यमांच्या शाळांत चालतो, फक्त सूचीचं पान बदलायचं. मूळ प्रत बनवायला मला तीन संध्याकाळी लागल्या होत्या, म्हणून या एका गोष्टीचं मोल मला विशेष.

शब्दांत सांगायची आकृती

लेखनिक (मुलासाठी पेपर वाचणारा-लिहिणारा मदतनीस) वाचून दाखवणार असेल किंवा मूल संगणकावर वाचकप्रणालीनं, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरनं, ऐकणार असेल, तर वर्णन लिहावं लागतं. बहुतेक प्रश्नपत्रिका इथंच घसरतात.

समजा सरावाच्या पेपरात शाळांमधल्या झाडांचा स्तंभालेख आहे आणि प्रश्न आहे, "सर्वांत जास्त झाडे कोठे? हुक्केरीत निपाणीपेक्षा किती कमी?" वर्णनात जर "सर्वांत उंच स्तंभ खानापूरचा आहे" असं लिहिलं तर पहिलं उत्तर तुम्हीच दिलंत. माझं वर्णन असं असतं: "स्तंभालेख. आडव्या अक्षावर डावीकडून चार गावे: खानापूर, निपाणी, हुक्केरी, गोकाक. उभ्या अक्षावर झाडांची संख्या, शून्य ते शंभर, दर दहाला एक रेघ. खानापूरचा स्तंभ ऐंशीच्या रेघेपर्यंत. निपाणीचा तीस आणि चाळीस यांच्या बरोबर मध्ये संपतो. हुक्केरीचा वीसच्या रेघेपर्यंत. गोकाकचा साठच्या रेघेपर्यंत." निपाणीला पस्तीस असं मी लिहिलेलं नाही. दिसणाऱ्या मुलालाही ते स्वतःच काढावं लागतं.

भूमितीत हा तोल आणखी नाजूक. प्रश्नात "त्रिकोणाचा प्रकार ओळखा" असेल तर वर्णनात "काटकोन" हा शब्द येता कामा नये. "त्रिकोण एबीसी. बीसी ही बाजू खाली आडवी. ए हा बिंदू बी च्या बरोबर वर. बी पाशी आतल्या बाजूला लहान चौकोनाची खूण. एबी तीन सेंटिमीटर, बीसी चार सेंटिमीटर. एसीचे माप दिलेले नाही." त्या चौकोनाच्या खुणेचा अर्थ मुलाला माहीत असायला हवा, तो त्याच्या अभ्यासाचा भाग आहे. विद्युत परिपथातही "दिवा लागेल का?" असं विचारायचं असेल तर "स्विच बंद आहे" लिहू नका. "पट्टीचे एक टोक तारेला जोडलेले, दुसरे टोक वर उचललेले" असं लिहा. घटापासून सुरुवात करा आणि तारेनं फिरून परत घटाशी या. मध्येच उडी मारली की ऐकणाऱ्याचा धागा सुटतो.

आपल्याकडं लेखनिक कन्नड माध्यमातला मिळण्याची शक्यता असतेच. मराठी घरात बोलतो, पण देवनागरी रोज वाचत नाही. त्याच्यासाठी वर्णन हातानं लिहून देऊ नका, मोठ्या टाइपात छापा, वाक्यं चार-सहा शब्दांची ठेवा, आणि आकडे अक्षरी लिहा. तो अडखळला की मुलाचा वेळ जातो.

संगणकावर द्यायचं असेल तर युनिकोड, म्हणजे कुठल्याही संगणकाला तेच अक्षर कळणारा टाइप. जुन्या फॉन्टमध्ये, म्हणजे श्रीलिपीच्या जुन्या आवृत्त्यांत किंवा कन्नडसाठी जुन्या नुडीत टाइप केलेली फाइल पडद्यावर व्यवस्थित दिसते, पण वाचकप्रणालीला तिथं फक्त रोमन अक्षरांचा काला सापडतो. एनव्हीडीए ही मोफत प्रणाली तिच्याबरोबर येणाऱ्या ई-स्पीक आवाजात मराठीही वाचते आणि कन्नडही. फाइल पाठवायच्या आधी एकदा स्वतः ऐका. आणि आकृती चित्र म्हणून टाकली असेल तर तिच्यामागं पर्यायी मजकूर (आकृतीचं लिखित वर्णन) भरा, नाहीतर मुलाला फक्त "चित्र" एवढाच शब्द ऐकू येतो.

बदली प्रश्न

काही आकृत्या कशाही केल्या तरी जमत नाहीत. तिथं बदली प्रश्न द्यायचा. "नकाशात नविलुतीर्थ धरण दाखवा" याच्या जागी "नविलुतीर्थ धरण कोणत्या नदीवर आहे?" हा प्रश्न सर्रास दिसतो. तेवढ्याच गुणांना तो सोपा आहे, आणि तपासतो ते पाठांतर. नकाशावर जागा ठाऊक आहे का, हे तपासायचं होतं. त्यापेक्षा विचारा: "हिडकल धरणापासून नविलुतीर्थ धरण कोणत्या दिशेला?" उत्तर आग्नेय. डोक्यात नकाशा असल्याशिवाय ते येत नाही.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम १७ मध्ये वाढीव वेळ, लेखनिक, आणि दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट या गोष्टी आहेत. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे लेखी परीक्षेत दर तासाला किमान २० मिनिटं जास्त, म्हणजे तीन तासांच्या पेपराला एक तास. हा वेळ हिशेबात धरूनच आकृत्यांची संख्या ठरवा. उठावाची एक आकृती नीट हाताळून समजायला मुलाला पाच-सात मिनिटं सहज लागतात. अशा चार आकृत्या आल्या की वाढीव तासातला निम्मा वेळ त्यातच संपला.

तपासणी आणि पोचवणी

डोळ्यावर पट्टी बांधून स्वतः तपासू नका. आपण आकृती आधीच पाहिलेली असते, बोटाला सगळं कळल्यासारखं वाटतं. ब्रेल वाचणाऱ्या माणसाकडं द्या, आणि ती व्यक्ती त्या परीक्षेला बसणारी नको. काही न सांगता आकृती हातात द्या आणि "काय आहे?" एवढंच विचारा. दुसऱ्यांदा केलेला नद्यांचा नकाशा मी त्याच मुलीकडं नेला, तेव्हा ती नववीत गेली होती. तिनं मलप्रभा शेवटपर्यंत नेली, आणि मग म्हणाली की दोरा एका ठिकाणी सुटलाय, तिथं नदी संपली असं वाटतं. खरंच सुटला होता. रात्री पुन्हा खळ लावली.

आकृत्या गुंडाळू नका, घड्या घालू नका. दोन पुठ्ठ्यांमध्ये सपाट ठेवून वरून सैलसर बांधा आणि पाकिटावर ब्रेलमध्येही विषय लिहा. परीक्षेच्या ठिकाणी गठ्ठा देताना त्यावर काही ठेवायचं नाही हे तोंडी सांगा, लिहूनही द्या. एकदा माझ्या बारा नकाशांवर रात्रभर उत्तरपत्रिकांचं पोतं पडून राहिलं होतं. सकाळी सगळे पोत आणि ठिपके सपाट झाले होते, आणि पेपर साडेदहाला होता.